आधी काय बिघडलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२०२३ सालच्या जुलैतली गोष्ट. कराडचा एक कार्यक्रम आटोपून आम्ही रात्री चिपळूणला परतत होतो. गाडी पुतण्याची. तोच चालवत होता, मी शेजारी. कुंभार्ली घाटात पाऊस असा, की काचेवर कुणी बादल्या ओततंय. निम्मा घाट उतरलो आणि वायपर मंदावले. मग दिव्यांचा उजेड पिवळा पडला. मग डॅशबोर्डावर एकामागून एक दिवे लागायला लागले, इंजिनाचा, ब्रेकचा, स्टिअरिंगचा. शब-ए-बरातची रोषणाई असावी तसे सगळे एकदम. आणि मग गिअर. गाडी आपोआप गिअर बदलणाऱ्यांतली. तिने एक झटका दिला आणि एकाच गिअरात अडकून बसली. पुढच्या वळणावर इंजिनही बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड. पुतण्याने दोन्ही हातांनी ओढून गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. दुसऱ्या बाजूला दरी होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका गॅरेजात नेली. तिथल्या मुलांनी दुसरी बॅटरी आणून वायरी जोडल्या, तर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू! मग त्यांनी संगणक लावला, कागद काढला. कागदावर गिअरबॉक्सच्या तक्रारीचे आकडे होते. ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल,’ असं सांगून त्यांनी जो अंदाजे खर्च सांगितला, तो ऐकून पुतण्या तिथल्या टायरवरच बसला. गाडी त्याने जुनी घेतली होती आणि तिचे हप्ते अजून चालू होते. पोरांना मी दोष देत नाही. कागदावर जे होतं ते त्यांनी वाचलं.

संध्याकाळी आम्ही मामूकडे गेलो. मामू म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या मोहल्ल्यात तीन पिढ्या त्यांना मामूच म्हणतात. पन्नास वर्षं मोटारींच्या वायरिंगचं काम केलेला माणूस. त्यांनी चहा सांगितला, कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘आधी काय बिघडलं?’

‘गिअर,’ पुतण्या म्हणाला.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आधी वायपर.’

‘मग गिअरबॉक्सला हात कशाला लावायचा?’ मामू म्हणाले.

त्यांना पुढे काय सापडलं ते सांगणारच आहे. पण त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. वीज आणि गिअर या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आला कधी? मी बीए झालेला माणूस, यंत्रशास्त्र माझा विषय नाही. पण मिळेल ते वाचत गेलो, मामूंना छळत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं ते २९ जानेवारी १८८६ रोजी. त्या गाडीतही ठिणगी पाडायला वीज होती, पण फक्त ठिणगीपुरती. पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने मॅग्नेटो मोटारीला बसवला आणि १९०२ साली तिथल्याच गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. तो इंजिनाबरोबर फिरे आणि ठिणगीपुरती वीज स्वतःच तयार करी. म्हणजे बॅटरीचीही गरज नाही. दिवे रॉकेलचे किंवा कार्बाइडच्या गॅसचे, आपल्याकडे मिरवणुकीत असायचे त्या जातीचे. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारायचं. अशा गाडीत विजेचं दुखणं म्हणजे एकच, ठिणगी पडत नाही. गिअरबॉक्स म्हणजे लोखंडी दाते आणि तेल. त्याचं दुखणं वेगळं, त्याचा आवाज वेगळा, वैद्यही वेगळा.

हँडल मारणं हे काम भारी धोक्याचं. इंजिनाने उलटा झटका दिला, की मनगट मोडलंच म्हणून समजा. यावर इलाज काढला तो चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाने. हे गृहस्थ आधी डेटन शहरात दुकानांतली गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते. गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवण्यासाठी त्यांनी छोटी मोटर बसवली होती. त्यावरून त्यांच्या ध्यानात आलं, की ज्या मोटरीला दिवसभर राबायचं नाही, क्षणभरच जोर लावायचा आहे, ती छोटी असली तरी चालते. गल्ल्याच्या खणाला जे लागू, तेच इंजिनाला. १९१२च्या कॅडिलॅक गाडीला हा ‘सेल्फ’ बसला. आपल्याकडचे मिस्त्री आजही ‘सेल्फ मार’ म्हणतात तो हाच.

पण सेल्फ एकटा आला नाही. त्याला बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनामो हवा, आणि बॅटरी आहेच तर दिवेही विजेचेच हवेत. बघता बघता गाडीभर वायरी पसरल्या. या वायरींत एक काटकसर होती आणि आपल्या गोष्टीचं मूळ तिच्यात आहे. विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. मोटार बनवणाऱ्यांनी विचार केला, गाडीचं अंग लोखंडाचंच आहे, मग परतीची वायर कशाला? बॅटरीचं एक टोक सरळ अंगाला जोडलं आणि परतीची वाट गाडीच्या सांगाड्यातून काढली. यालाच अर्थिंग म्हणतात. मिस्त्री लोक नुसतं ‘अर्थ’ म्हणतात. ‘दिव्याला अर्थ मिळत नाही’, ‘अर्थ लूज आहे’ ही वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलो. कविता करायला लागल्यावर ती ऐकून मला हसू यायचं. मामूंना मात्र यात गमतीचं काही वाटत नाही. त्यांच्या लेखी अर्थ म्हणजे तांब्याची पट्टी.

ही पट्टी का लागते, त्याचाही इतिहास आहे. सुरुवातीची इंजिनं सांगाड्याला लोखंडी बोल्टांनी घट्ट आवळलेली असत. त्यामुळे इंजिनाचा प्रत्येक हादरा बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोचे. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या बैठकींवर अशा बेताने तोललं, की हादरे आतल्या आत जिरावेत. रबर त्याआधीही वापरात होतं, पण ही रीत पुढे सगळीकडे रुळली आणि प्रवास सुखाचा झाला. मात्र रबरातून वीज जात नाही. सेल्फ आणि डायनामो इंजिनावर, बॅटरीचं टोक सांगाड्यावर आणि मध्ये रबर. तो खंड सांधायला विणलेल्या तांब्याच्या तारांची एक पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत जोडावी लागली. गाडीच्या पोटाखाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात ती लोंबत असते. तिच्याकडे कुणी कधी बघत नाही.

ती तुटली तर काय होतं? मामूंनी सांगितलेला किस्सा वायरिंगच्या जुन्या कारागिरांना सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, ‘क्लच जड झालाय, केबल बदला.’ केबल बदलतात. महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केबल काढून बघतात तर आवरण वितळून आतली तार चिकटलेली. कारण असं, की सेल्फ मारताना दीडशे-दोनशे अँपिअर प्रवाह परतीची वाट शोधतो. पट्टी तुटलेली, म्हणून तो सापडेल त्या लोखंडातून जातो. क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल इंजिनाला सांगाड्याशी जोडतेच, मग तिच्यातून. केबल हिटरच्या तारेसारखी तापते. दुखणं विजेचं, पण कळ येते क्लचला. संगणक येण्याच्या कितीतरी आधी वीज आणि गिअर यांची गाठ अशी पोटाखाली पडली होती.

मधल्या काळातल्या डायनामोबद्दल थोडंच सांगतो. तो मंद गतीला पुरेशी वीज देत नसे. रात्री सिग्नलला गाडी थांबली, की दिवे मिणमिणत. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हा अल्टरनेटर आला. १९६०च्या व्हॅलियंट गाडीत क्रायस्लरने तो बसवला आणि दहा-पंधरा वर्षांत जगभर तोच झाला. याच सुमारास आणखी एक बदल झाला आणि त्याबद्दल मामूंचा राग अजून गेलेला नाही. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डावर अँपिअरचा काटा असे. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे आणि किती, हे तो दाखवी. त्याच्या जागी एक लाल दिवा आला. काटा हळूहळू खाली यायचा, तेव्हा शहाण्या ड्रायव्हरला घरी पोचण्याआधीच कळायचं. दिव्याला फक्त लागणं आणि विझणं ठाऊक.

आता वळू या त्या कागदाकडे, ज्यावर गिअरबॉक्सचे आकडे होते. मोटारीला स्वतःचं दुखणं सांगायला शिकवलं कुणी? माझा समज होता, की गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. तसं नाही. ही विद्या आली धुरामुळे. लॉस एंजलिस शहरावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून डोळे झोंबवणारं धुरकं साचू लागलं. ते कशाने, हे कुणाला उमगेना. आरी हाखेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तिथल्या कॅलटेक संस्थेत अननसाच्या वासावर संशोधन करत होते. त्यांनी १९५०च्या सुमारास अननस बाजूला ठेवला आणि हवा तपासायला घेतली. मोटारींचा आणि तेलकारखान्यांचा धूर उन्हात शिजून हे विष तयार होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यावर गदारोळ झाला, वाद झाले. पण अखेर कायदे आले. धूर कमी करायचा तर इंधन मोजून द्यायला हवं, मोजायचं तर संगणक हवा, आणि संगणक नीट चालतो की नाही हे कळायला गाडीनेच ओरडून सांगायला हवं. कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या गाड्यांपासून अशी स्वतःची तपासणी सक्तीची केली. १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या मोटारींना एकाच आकाराचं सोळा पिनांचं सॉकेट आणि एकसारखे सांकेतिक आकडे आले. फोक्सवॅगनने त्याच्याही आधी, १९७१च्या सुमारास, आपल्या गाड्यांत तपासणीचं सॉकेट बसवलं होतं. पण ते त्यांच्या त्यांच्यापुरतं.

मधल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडली. तेव्हाच्या गाड्यांना वाचायला यंत्र लागत नसे. सॉकेटातल्या दोन पिना तारेने जोडायच्या आणि डॅशबोर्डावरच्या दिव्याची उघडझाप मोजायची. काही जपानी गाड्यांत लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब आणि एक आखूड, म्हणजे एकवीस. लघू-गुरू मोजण्यात हयात घातलेल्या माणसाला हे वाचून केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करा!

आपल्याकडेही हे धुराच्या वाटेनेच आलं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या हवेच्या खटल्यात नव्या मोटारींना युरोपचे निकष लावायला सांगितलं. त्यानंतर एकेका शहरातून कार्बोरेटर हद्दपार होत गेला. चोक ओढून गाडी सुरू करणारी आमची पिढी एकदम म्हातारी झाली. गाडीनेच आपली तपासणी करावी असा नियम भारतात एप्रिल २०१०पासून आला आणि एप्रिल २०१३पासून तो अधिक कडक झाला. स्टिअरिंगखाली हात घालून चाचपलंत, तर ते सोळा पिनांचं सॉकेट तुमच्याही गाडीत सापडेल.

म्हणजे त्या सॉकेटाचा जन्म धूर पकडण्यासाठी झाला. वायरिंगच्या पोटातली कळ ओळखणं हे त्याचं मूळ काम नव्हे. ते काम त्याच्याकडून आपण पुढे घेऊ लागलो.

दरम्यान गिअरबॉक्सचंही रूप पालटलं होतं. आपोआप गिअर बदलणारी पेटी ओल्डस्मोबिल गाडीला १९४०च्या मॉडेलपासून मिळाली. तिचं सगळं डोकं तेलाच्या दाबात होतं. १९८०च्या दशकात हे डोकं विजेच्या हाती जाऊ लागलं. तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या झडपांना विजेची वेटोळी लागली आणि त्यांना हुकूम द्यायला वेगळा संगणक. मग इंजिनाचा, गिअरचा, ब्रेकचा असे अनेक संगणक झाले. त्यांना आपापसांत बोलता यावं म्हणून बॉश कंपनीने दोन तारांची एक पद्धत शोधली आणि १९८६ साली डेट्रॉइटला ती जगापुढे मांडली. आज सगळे संगणक त्या दोन तारांवर बोलतात. गावच्या पारावर बोलावं तसं, एकाचं सगळ्यांना ऐकू येतं.

आता बॅटरीचा दाब घसरला तर काय होईल, पाहा. इंजिन चालू असताना तो चौदा व्होल्टच्या आसपास हवा. वायपर मोटर आहे, दाब उतरला की ती नुसती मंदावते. दिवा पिवळा पडतो. पण संगणकाला मंद होता येत नाही. एका मर्यादेखाली तो गोंधळतो किंवा बंदच पडतो. गिअरचा संगणक गप्प झाला, की झडपा मोकळ्या पडतात आणि पेटी एका ठरलेल्या गिअरात, बहुधा तिसऱ्यात, अडकते. ही मोडतोड नव्हे. माणूस निदान जवळच्या गावापर्यंत तरी पोचावा म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. इकडे बाकीचे संगणक पारावर ओरडू लागतात, ‘गिअरवाला बोलत नाही!’ प्रत्येक जण आपल्या वहीत ती तक्रार लिहून ठेवतो. तक्रार खरीच असते. आमच्या कागदावर पहिला आकडा होता पी ०७००. त्याचा मथितार्थ एवढाच, की गिअरच्या यंत्रणेची काहीतरी तक्रार आहे, तिलाच विचारा. पेटी फुटली, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामू गाडीपाशी गेले ते एक मीटर, एक जाड वायर आणि बसायला पोतं घेऊन. पुतण्याला विचारलं, ‘आधी पंधरा दिवस सेल्फ जड मारत होता का?’ तो म्हणाला, ‘हो, पण पाऊस आहे म्हणून असेल असं वाटलं.’ ‘आणि त्या पोरांनी दुसऱ्या बॅटरीची काळी वायर कुठे लावली होती?’ ‘इंजिनाला.’ मामू हसले. आमची गाडी गॅरेजात लगेच का सुरू झाली, ते मला तेव्हा कळलं. तुटलेला अर्थ त्या चिमट्याने तेवढ्यापुरता जोडून दिला होता.

मामूंनी मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला आणि सेल्फ मारायला सांगितलं. या दोन ठिकाणांमध्ये तेव्हा फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा. मीटरने चारच्या वर दाखवला. मग जाड वायरीचं एक टोक बॅटरीला, दुसरं इंजिनाला धरलं, आणि गाडी सुरू. दिवे लख्ख. अंगणातल्या अंगणात पुढे-मागे घेतली, मग रस्त्यावर नेली. गिअर एकामागून एक लोण्यासारखे पडले.

पट्टी गिअरबॉक्सखाली होती. बोल्ट काढल्यावर त्याखाली हिरवट गंज आणि वाळलेला गाळ निघाला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ही गाडी आधीच्या मालकाकडे होती. पाणी चाकांपर्यंतच आलं होतं, असं त्याने सांगितलं होतं आणि ते खोटंही नसावं. ती पट्टी चाकांच्याच उंचीवर असते. गॅरेजातल्या मुलांनी ती तपासलीच नव्हती असंही नाही. मीटर लावल्यावर ‘पीं’ आवाज आला, म्हणजे वाट चालू, असं ते म्हणाले. मामूंनी पट्टी उन्हात धरून दाखवली. शेकडो तारांपैकी पाच-सहाच शाबूत होत्या. ‘पीं’ वाजायला एक तार पुरते. सेल्फला सगळ्या लागतात. नवी पट्टी आणि मजुरी मिळून जो खर्च झाला, त्यात गॅरेजवाल्यांनी सांगितलेल्या गिअरबॉक्सचं तेलसुद्धा आलं नसतं.

त्याच पुराने मामूंचं दुकानही नेलं होतं. यंत्रं धुऊन-पुसून वापरता आली. वह्या गेल्या. चाळीस वर्षांत हाताने काढलेले वायरिंगचे नकाशे होते त्यांत. कंपन्या असले नकाशे बाहेरच्या मिस्त्रीला सहजी देत नाहीत. तपासणीची यंत्रं आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. पुढे त्यावर अपिलं झाली, वर्षानुवर्षं खटला चालला. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग नकाशे मिळणार का?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पावसाळा संपल्यावर एक दिवस ते दोनशे पानी वही घेऊन माझ्याकडे आले. हात थरथरतो, अक्षर लागत नाही, तू लिही म्हणाले. तेव्हापासून दर जुम्म्याच्या नमाजानंतर आम्ही बसतो. ते सांगतात, मी लिहितो. नकाशे त्यांची नात काढते, तिचा हात स्थिर आहे. प्रत्येक पानावर त्यांनी तीन रकाने आखायला लावले आहेत. पहिल्याचं नाव ‘आधी काय’, दुसऱ्याचं ‘मग काय’, आणि तिसरा कोरा ठेवायचा, जो दुरुस्त करील त्याने भरायचा. आमच्या गाडीचं पान सत्ताविसावं आहे. मी उत्साहाने तिसऱ्या रकान्यात ‘अर्थ तुटला’ असं लिहिलं, तर मामूंनी ते खोडायला लावलं आणि ‘पट्टी बदलली, बोल्ट घासला, ग्रीस लावलं’ असं लिहून घेतलं.